रक्ताचा काटा कोण तपासणार?

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात तेव्हा शेतकऱ्याचे लक्ष दोन गोष्टींकडे असते. एक बोली आणि दुसरा काटा. बोली चढते-पडते, त्यावर त्याचा इलाज चालत नाही. काटा मात्र खरा असावा एवढा त्याचा हट्ट असतो. त्या काट्यावर वैधमापन खात्याची मोहोर असते, ठरावीक मुदतीने ती नव्याने करून घ्यावी लागते आणि ती नसेल तर व्यापाऱ्याला दंड भरावा लागतो. गल्लीतल्या किराणा दुकानदाराची वजनेही यातून सुटत नाहीत. पोत्यामागे अर्धा किलो इकडचे तिकडे होऊ नये म्हणून सरकारने एवढी यंत्रणा उभी केली, हे योग्यच झाले.

आता अशी कल्पना करा, की त्याच शेतकऱ्याची सून, सहावा महिना लागलेली, त्याच दिवशी गावातल्या एका लहानशा लॅबच्या बाकड्यावर रक्त देऊन बसली आहे. अर्ध्या तासाने तिच्या हातात एक कागद येतो. हिमोग्लोबिन ७.२. आपल्याकडच्या बोलीत, ‘रक्त सात पॉइंट’. या एका आकड्यावर तिचे पुढचे तीन महिने ठरायचे असतात. दहा ते अकराच्या दरम्यान आकडा असता तर सौम्य रक्तक्षय. सात ते दहा म्हणजे मध्यम. लोहाच्या गोळ्या वाढवायच्या, दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह द्यायचे. सातच्या खाली गेला की तीव्र. मग साध्या आरोग्य केंद्रात बाळंतपण नको, मोठ्या दवाखान्यात न्या, वेळ पडली तर रक्त चढवा. म्हणजे ७.२ आणि ६.८ यांच्यामध्ये हिंगोली ते नांदेड एवढे अंतर असू शकते. शिवाय गाडीभाडे, सोबतीला एक माणूस, आणि रक्ताच्या बाटलीसाठी नातेवाइकांची धावाधाव. आणि उलट झाले, म्हणजे खरे रक्त सहा असताना कागदावर साडेसात आले, तर? प्रसूतीच्या वेळी थोडा जास्त रक्तस्राव झाला की अशा बाईच्या अंगात झुंजायला काही उरलेले नसते.

तर प्रश्न साधा आहे. हा आकडा ज्या काट्यावर तोलला गेला, त्या काट्यावर कोणाची मोहोर आहे?

उत्तराकडे वळण्यापूर्वी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. अगदी परवापरवापर्यंत आपल्या ग्रामीण भागात हिमोग्लोबिन म्हणजे साहलीची नळी असे समीकरण होते. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातील हर्मान साहली या डॉक्टरांनी १९०२ साली काढलेली ही पद्धत. नळीत खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, त्यात बारीक पिपेटने वीस मायक्रोलिटर रक्त सोडायचे, तपकिरी रंग तयार होऊ द्यायचा आणि मग शेजारच्या काचेच्या रंगाशी तो जुळेपर्यंत थेंबाथेंबाने पाणी घालायचे. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. स्वस्त, विजेवाचून चालणारी, शिकायला सोपी. आणि चुकायला तर त्याहून सोपी! रंग पुरता तयार व्हायला दहाएक मिनिटे लागतात. बाहेर वीस बायका रांगेत उभ्या असताना तंत्रज्ञाने तिसऱ्याच मिनिटाला पाणी घालायला सुरुवात केली, की आकडा खाली येतो. पिपेटच्या बाहेरून लागलेले रक्त पुसले नाही, तर आकडा वर जातो. थेंब येत नाही म्हणून बोट पिळले, तर रक्ताबरोबर पेशींमधले पाणी येते आणि रक्त पातळ दिसते. जुळवायची काच वर्षानुवर्षे उजेडात राहून फिकी पडली, तर त्या केंद्रातल्या सगळ्याच बायकांचे रक्त चुकीचे मोजले जाते, तेही एकाच दिशेने. शिवाय रंग जुळला की नाही हे शेवटी डोळ्यांनी ठरवायचे, आणि श्रावणातल्या दुपारचा उजेड वेगळा नि चैत्रातला वेगळा.

आता ही नळी बहुतेक ठिकाणी मागे पडली. २०१८ साली सुरू झालेल्या ‘अॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेने डिजिटल मीटरचा आग्रह धरला. तालुक्याच्या गावातल्या खासगी लॅबमध्येही पेशी मोजणारी यंत्रे आली. एका थेंबात वीस आकडे छापून देणारी. लोकांना वाटते, यंत्र आले म्हणजे चूक गेली. तसे नाही. माणूस चुकतो तेव्हा निदान तो चुकला असेल अशी शंका येते. यंत्र चुकते ते दशांश चिन्हासकट चुकते आणि वर छापून देते. पट्ट्यांची डबी उघडी राहून ओलावा शिरला, रिएजंटची बाटली बदलली आणि यंत्राला नवी ओळख करून दिली नाही, वीज वरखाली झाली, तरी यंत्र तक्रार करीलच असे नाही. ते निमूटपणे आकडे देत राहते.

केवळ एखाद्या लॅबची ही गोष्ट असती तर फारसे बिघडले नसते. पण मोजण्याच्या रीतीने साऱ्या देशाचे चित्रही बदलू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीने (२०१५-१६) पाच वर्षांखालच्या सुमारे ५८ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे सांगितले. तिच्या पाठोपाठ २०१६ ते २०१८ या काळात सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणी झाली; तिने एक ते चार वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे ४१ टक्के दाखवले. पहिल्या पाहणीत बोट टोचून काढलेला थेंब जागेवरच्या लहान यंत्रात घातला होता; दुसरीत शिरेतून रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत तपासले होते. वयोगटात थोडा फरक आहे, मान्य; पण तेवढ्याने सतरा टक्क्यांचा खड्डा भरून निघत नाही. पुढे पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या रक्तक्षयी स्त्रियांचे प्रमाण ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेले आणि तज्ज्ञांत वाद पेटला, की बायकांचे रक्त खरेच घटले की थेंबाने दगा दिला? अखेर सहाव्या फेरीतून ही तपासणीच वगळली गेली आणि शिरेतल्या रक्तावर वेगळी पाहणी करायचे ठरले. एवढ्या मोठ्या, शिस्तीच्या, प्रशिक्षित माणसांच्या पाहणीत जर मापाबद्दल असा संशय येऊ शकतो, तर बसस्टँडजवळच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या मापाचे काय?

ही चिंता नवी नाही. १९४७ साली अमेरिकेत बेल्क आणि सुंडरमन या दोघा डॉक्टरांनी एक खोडकर वाटावा असा प्रयोग केला. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या इस्पितळांच्या प्रयोगशाळांना त्यांनी एकाच द्रावणाच्या बाटल्या टपालाने पाठवल्या. साखर, युरिया, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, काय किती घातले आहे ते पाठवणाऱ्यांना ठाऊक होते. उत्तरे आली तेव्हा समाधानकारक आकड्यांपेक्षा असमाधानकारक आकडेच जास्त निघाले. त्या प्रयोगशाळा काही खेड्यापाड्यांतल्या नव्हत्या. नामांकित इस्पितळांच्या होत्या. आपण चुकतो आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते, कारण तोवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

यावरचा उपाय वैद्यकातून नव्हे, कारखान्यातून आला. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ साली टेलिफोनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी एक साधा आलेख सुचवला होता. त्याच आलेखाला लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली प्रयोगशाळेत आणले. गंमत अशी, की खुद्द श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून आपल्याकडे येऊन गेले होते. पुढे आपल्या कारखान्यांनी त्यांची विद्या उचलली. सुताचा धागा किती जाड असावा यावर आलेख निघू लागले. रक्ताच्या वाट्याला ते भाग्य यायला फार वेळ लागला, आणि पुष्कळ ठिकाणी अजून आलेले नाही.

हा आलेख समजायला गणिताचे शिक्षण लागत नाही. रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावण्याआधी एका ठरावीक बाटलीतले, ज्यातली साखर आधीच माहीत आहे असे रक्तद्रव तपासायचे. याला कंट्रोल म्हणतात. समजा त्यातली साखर १०० आहे. रोज बरोबर १०० येणार नाही. कधी ९८, कधी १०३. वीस-तीस दिवसांचे आकडे जमले की आपल्या हाताची आणि यंत्राची नेहमीची थरथर किती, ते कळते. समजा ९४ ते १०६. मग कागदावर मधोमध १०० ची रेघ, वर-खाली मर्यादांच्या रेघा, आणि रोजचा एक ठिपका. ठिपका मर्यादेच्या बराच बाहेर पडला की त्या दिवशी रुग्णांचे रिपोर्ट द्यायचे नाहीत. आधी बिघाड शोधायचा. पण या आलेखाची खरी करामत त्याहून पुढची आहे. सलग दहा दिवस ठिपके मर्यादेच्या आतच आहेत, पण सगळे मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडत आहेत. एकेक आकडा पाहिला तर निर्दोष, रांग पाहिली तर संशयास्पद: दिवा मंदावतो आहे किंवा रिएजंट उतरतो आहे. रोज अर्धा मिनिट मागे पडणारे घड्याळ एका दिवसात पकडता येत नाही, तसेच हे. अशा रांगा कशा वाचाव्यात याचे नियम जेम्स वेस्टगार्ड यांनी १९८१ साली घालून दिले. जगभरच्या प्रयोगशाळांत ते आज त्यांच्याच नावाने चालतात. चांगल्या लॅबमध्ये गेलात तर हा आलेख भिंतीवर किंवा संगणकाच्या पडद्यावर असतो. रुग्णाने तो पाहायला मागितला तर लॅबवाल्याने रागावू नये; उलट त्याला आनंद व्हायला हवा, कारण त्याची खरी मेहनत त्यातच असते आणि एरवी ती कोणालाही दिसत नाही.

अर्थात यंत्राजवळ पोहोचण्याआधीच बिघडलेल्या रक्ताला हा आलेख वाचवू शकत नाही. इटलीतल्या पादुआ येथील प्लेबानी आणि कारारो यांनी १९९७ साली आपल्या इस्पितळाच्या तातडीच्या प्रयोगशाळेतल्या चुका मोजल्या. चाळीस हजारांवर तपासण्यांमध्ये १८९ चुका. त्यांपैकी ६८ टक्के तपासणी सुरू होण्यापूर्वीच्या. नावाची अदलाबदल, चुकीची नळी, सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलेले रक्त, असल्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या चुका फक्त १३ टक्के. पादुआत लॅब आणि वॉर्ड एकाच आवारात. आपल्याकडे सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात सकाळी घेतलेले रक्त गाडीने दूरच्या प्रयोगशाळेत जाते. २०१७ पासून ‘महालॅब’ योजनेत गावोगावचे नमुने असे गोळा होऊ लागले, तपासण्या मोफत झाल्या, ज्यांनी आयुष्यात थायरॉइडचे नाव ऐकले नव्हते त्यांचे निदान झाले. योजना मोलाची, यात शंका नाही. पण मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत त्या नळीच्या आत काय चालते ते ध्यानात घेतले पाहिजे.

रक्त अंगातून बाहेर पडले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना भूक असते. त्या साखर खातात; साध्या खोलीतल्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. उपाशीपोटी १४० साखर असलेला माणूस सकाळी आठला रक्त देऊन गेला, नळी साधी होती आणि दुपारी बाराला तपासली गेली, तर आकडा येतो ११० च्या आसपास. उपाशीपोटी १२६ च्या वर मधुमेह, हा निकष. म्हणजे माणूस मधुमेही, कागद म्हणतो नाही. यंत्र बिनचूक, कंट्रोल मर्यादेत, तंत्रज्ञ प्रामाणिक, आणि तरीही उत्तर चूक. यासाठी राखाडी बुचाची फ्लोराइडची नळी असते. तिनेही साखरेची गळती ताबडतोब थांबत नाही, तासभर ती चालूच राहते. खरा इलाज लवकर फिरवून रक्तद्रव वेगळे करणे किंवा नळी बर्फात ठेवणे हा. पोटॅशियमचे याच्या उलट. पेशी फुटल्या की त्यांच्या आतले पोटॅशियम बाहेर सांडते आणि खडखडीत बरा माणूस कागदावर अत्यवस्थ दिसतो. खड्ड्यांच्या रस्त्यावरून हिंदकळत गेलेल्या नळीबद्दल वेगळे सांगायला नको. आपल्याकडे गुणवत्तेची चर्चा यंत्राच्या किमतीपासून सुरू होते. ती खरे तर नळीच्या बुचापासून आणि नळीवरच्या नावापासून व्हायला हवी.

आता मोहोरेच्या प्रश्नाकडे येऊ. हळदीच्या काट्याला कायदा आहे, रक्ताच्या काट्याला काय आहे? केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला, त्याखाली प्रयोगशाळांसाठी किमान दर्जाही ठरवला. पण महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या ठिकाणांसाठी. राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाचे, म्हणजे एनएबीएलचे प्रमाणपत्र आहे, त्यामागे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण ते ऐच्छिक. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम मात्र लहानात लहान लॅबला लागू आहेत. म्हणजे तपासून झालेले रक्त तुम्ही कोणत्या पिशवीत टाकता हे कायदा विचारतो. ते बरोबर मोजले होते का, हे विचारत नाही.

लॅबचा विषय निघाला की वर्तमानपत्रांत गाजतो तो सहीचा वाद. रिपोर्टवर सही कोणाची? डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात निकाल दिला, की ती पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तंत्रज्ञांच्या पोटावर पाय आला म्हणून त्यांची ओरड, आणि आपले क्षेत्र अनधिकृत लोकांनी बळकावले म्हणून पॅथॉलॉजिस्टांची. दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. गाठीचा तुकडा किंवा कर्करोगाच्या पेशी पाहायला डॉक्टरच हवा, हे उघड आहे. पण हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तालुक्यागणिक पॅथॉलॉजिस्ट आणायचे कोठून? मग कोऱ्या रिपोर्टवर आगाऊ सह्या, एका डॉक्टरचे नाव अनेक गावांतल्या पाट्यांवर, असले प्रकार राज्यात निघाले. माझे मत विचाराल तर हा वाद महत्त्वाचा असूनही चुकीच्या जागी रेंगाळला. सही म्हणजे जबाबदारी कोणाची ते सांगणारी खूण. माप खरे असल्याचा पुरावा नव्हे. ज्या लॅबमध्ये सकाळचे कंट्रोल लागत नाही तिथे सही कितीही मोठ्या पदवीची असली तरी साखर खरी होत नाही.

मग हे सगळे आपल्यासारख्या मागास भागात जमण्यासारखेच नाही, मुंबई-पुण्याचे हे चोचले, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायची आहे. ती याच जिल्ह्यात, अगदी कळमनुरीच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत, सरकारी दवाखान्यांच्या कोपऱ्यातल्या खोल्यांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही इतकेच.

सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम २००६ च्या मार्चपर्यंत देशभर पोहोचला. लाख लोकसंख्येमागे, आदिवासी भागात पन्नास हजारांमागे, बेडका तपासणारे एक सूक्ष्मदर्शी केंद्र असे त्याचे प्रमाण. २०११ च्या जनगणनेत हिंगोलीची लोकसंख्या पावणेबारा लाख. तेव्हा डझनभर तरी केंद्रे धरायला हरकत नाही. प्रत्येक ठिकाणी एक तंत्रज्ञ. तो काचपट्टीवर बेडक्याचा दोन बाय तीन सेंटिमीटरचा लेप देतो, कार्बोल फ्युक्सिनने लाल रंगवतो, आम्लाने धुतो, वर निळा रंग देतो. क्षयाचे जंतू तेवढे आम्लाला दाद न देता लाल राहतात. मग तेलाचा थेंब टाकून शंभर क्षेत्रे नजरेखालून घालायची. शंभरांत एक ते नऊ जंतू दिसले तर तुरळक म्हणून तो आकडा लिहायचा, दहा ते नव्व्याण्णव दिसले तर एक प्लस, त्याहून अधिक तर दोन, तीन. कंटाळवाणे, मान अवघडवणारे काम. एका माणसाने दिवसाला वीस-पंचविसांहून जास्त काचपट्ट्या पाहू नयेत असा संकेत आहे, कारण त्यानंतर डोळ्यांना जंतू दिसेनासे होतात किंवा नसलेले दिसू लागतात.

खरी गोष्ट यानंतरची. काम झाल्यावर ती काचपट्टी फेकायची नाही. जंतू दिसलेली असो वा नसलेली, क्रमांकाने खोक्यात लावून ठेवायची. दर महिन्याला पर्यवेक्षक येतो. एसटीएलएस या आद्याक्षरांनीच तो खात्यात ओळखला जातो, आणि बहुधा मोटारसायकलवरून येतो. तो रंग कधी केले ते पाहतो, सूक्ष्मदर्शकाचे भिंग पुसतो, काही काचपट्ट्या तिथेच पुन्हा पाहतो, आणि नोंदवहीवरून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही काचपट्ट्या निवडून सोबत नेतो. जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्रात त्या दुसऱ्याच भागातल्या पर्यवेक्षकापुढे ठेवल्या जातात. मूळ तंत्रज्ञाने काय लिहिले ते त्याला सांगत नाहीत. त्याने स्वतः पाहायचे आणि स्वतः लिहायचे. दोघांचे जुळले नाही तर तिसरा पंच. पंचाने सांगितलेली चूक कोणत्या जातीची तेही ठरलेले आहे: भरपूर जंतू असताना ‘नाही’ म्हटले ती मोठी, दोन-चार जंतू सुटले ती लहान, जंतू पाहिले पण प्लस चुकला ती मोजणीची. मग चुकीचे कारण शोधायचे. रंग जुना? भिंग बुरशीचे? लेप जाड? की माणूस थकलेला? आणि या पर्यवेक्षकांनाही वरच्या प्रयोगशाळा गुप्त काचपट्ट्या देऊन तपासतात. त्या राज्यस्तरीय प्रयोगशाळांना राष्ट्रीय पातळीवरची संस्था तपासते. मोजणाऱ्याला मोजणारी अशी ही उतरंड.

यातली ‘न सांगता तपासण्याची’ कल्पना किती मोलाची आहे याची साक्ष योगायोगाने याच जिल्ह्यात उभी राहते आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा बांधली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल टिपायची. याच प्रकल्पाच्या अमेरिकेतल्या वेधशाळांत २०१० च्या सप्टेंबरमध्ये दोन-चार जणांनी यंत्रात गुपचूप एक खोटी लहर सोडली. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने तिच्यावर राबले, निबंध लिहून तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये भर सभेत पाकीट फोडून सांगण्यात आले, की ही परीक्षा होती. पुढे २०१५ साली खरी लहर आली तेव्हा शास्त्रज्ञांनी सर्वांत आधी हेच विचारले, ही पण खोटी तर नाही ना? जगातल्या सर्वांत सूक्ष्म मापाची माणसे स्वतःवर जितका अविश्वास दाखवतात, तितकाच कळमनुरीच्या बेडका तपासणाऱ्यावर दाखवण्याची पद्धत आपल्या खात्याने बसवली. या अविश्वासात अपमान नाही. अनुभवी तंत्रज्ञ तो खिलाडूपणे घेतात. नवखे आधी बिचकतात, मग रुळतात.

हिवतापाच्या काचपट्ट्यांची काही प्रमाणात फेरतपासणी याहूनही जुनी आहे. एचआयव्हीच्या तपासणी केंद्रांतूनही ठरावीक नमुने वरच्या प्रयोगशाळेत पडताळणीला जातात. मग जे बेडक्याला जमले ते हिमोग्लोबिनला का जमू नये? उत्तर कटू आहे. क्षय, हिवताप आणि एचआयव्ही यांना कार्यक्रम आहे, निधी आहे, वर्षाचे लक्ष्य आहे. बाईच्या अंगातल्या रक्ताला आणि म्हाताऱ्याच्या साखरेला मोहिमा मिळाल्या, गोळ्या मिळाल्या. त्यांच्या आकड्याला मात्र महिन्याला मोटारसायकलवरून येणारा माणूस मिळाला नाही.

खासगी लॅबवाल्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. दिवसाला दहा-पंधरा रुग्ण. कंट्रोलची बाटली महाग, बहुधा परदेशी, दोन ते आठ अंशांत ठेवायची, उघडल्यावर मोजके दिवस टिकणारी. आठ-आठ तास वीज जाणाऱ्या गावात तिला शीतपेटीत ठेवायचे म्हणजे एक लहान मूल सांभाळण्यासारखे आहे. शेजारचा लॅबवाला हा खर्च करत नाही आणि म्हणून दहा रुपये कमी घेतो. रुग्ण तिकडे जातो. शंका आली तर लोक दोन ठिकाणी रक्त तपासतात आणि जिथे एसी आहे तिथला आकडा खरा धरतात. प्रामाणिकपणाची किंमत एकट्यानेच मोजायची असेल तर तो फार दिवस टिकत नाही.

पण उपाय फार खर्चाचा नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची बाह्य गुणवत्ता योजना देशातल्या हजारो प्रयोगशाळांना गुप्त नमुने पाठवते, आणि आलेले आकडे एकमेकांशी ताडून ज्याचा त्याला निकाल कळवते. सुंडरमनच्या बाटल्यांचाच तो वारसा. हिंगोलीपुरते याचे लहान रूप का करू नये? ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत हिंगोलीचे आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की पॅथॉलॉजी आणि जीवरसायन हे विभाग आलेच. त्यांनी महिन्यातून एकदा एकच रक्त, काविळीचे व एचआयव्हीचे विषाणू नसल्याची खात्री करून, पाचही तालुक्यांतल्या लॅबना छोट्या नळ्यांत वाटले, तर काय बिघडेल? सक्ती नको; सुरुवातीला जे येतील ते येतील. आणि हे काम नेटाने करायला माणसेही बाहेरून आणावी लागणार नाहीत. क्षयाच्या निदानात आता सूक्ष्मदर्शक मागे पडतो आहे. गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅटसारखे जनुकीय चाचणीचे यंत्र तालुक्यापर्यंत आले, काचपट्ट्यांची खोकी हळूहळू रिकामी होऊ लागली. दुसऱ्याचे काम न दुखावता पुन्हा कसे पाहावे, चूक कोणाच्या नावावर न मारता तिचे कारण कसे शोधावे, ही विद्या ज्या पर्यवेक्षकांच्या हाताडोळ्यांत मुरली आहे, ते निवृत्त होण्याआधी त्यांना हिमोग्लोबिनची नळी देता येईल.

पहिल्या महिन्याचे आकडे बहुधा १९४७ च्या पेनसिल्व्हेनियासारखेच येतील. एकाच रक्ताचे कोणी साडेआठ सांगेल, कोणी अकरा. ते वर्तमानपत्रात छापू नयेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत वाचून दाखवू नयेत, कोणाच्या पाटीवर बोट ठेवू नये. तसे केले तर दुसऱ्या महिन्यात नळी घ्यायला कोणी येणार नाही. नळीवर नावाऐवजी क्रमांक असावा, आणि खरा आकडा किती होता व आपण कुठे आलो, एवढे ज्याचे त्याला बंद पाकिटात कळावे.